हार्ड डिस्क अडखळायला लागली की काय करायचं, आणि त्याआधी काय करून ठेवायचं

संगणक दुरुस्तीच्या कामात डेटा गमावलेली माणसं सतत भेटतात. कुणाचा टॅलीतला काही वर्षांचा हिशेब, कुणाच्या स्टुडिओतलं लग्नाचं न कापलेलं शूटिंग, कुणाचा अर्धा लिहून झालेला प्रबंध. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. डिस्क पहिल्यांदा अडखळली तेव्हा बराचसा डेटा जागेवर होता. तो गेला त्यानंतरच्या काही तासांत: संगणक सारखा चालू-बंद करताना, विंडोजचं डिस्क तपासणारं साधन ‘चेकडिस्क’ चालवताना, ‘फॉरमॅट करायचं का’ या प्रश्नाला हो म्हणताना. म्हणून इथे आधी बिघडलेल्या डिस्कशी कसं वागायचं ते सांगतो आणि मग बॅकअपकडे वळतो. तुमची डिस्क आज ठणठणीत असेल तर बॅकअपचा भाग आधी वाचलात तरी चालेल.

## आत नेमकं काय बिघडतं

हार्ड डिस्कच्या डबीत चकचकीत तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असतात. साडेतीन इंची डिस्कमध्ये ७,२०० फेऱ्यांच्या वेगाला तबकडीची कड ताशी सव्वाशे किलोमीटरने धावते. वाचणारं-लिहिणारं हेड तिच्यावर हवेच्या पातळ थरावर तरंगतं आणि दोघांमधलं अंतर काही नॅनोमीटर असतं. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. घरातल्या हवेतला धुळीचा बारीक कणसुद्धा त्या फटीत मावत नाही. डिस्कचं झाकण घरी किंवा गल्लीतल्या दुकानात का उघडायचं नाही, त्याचं हे पुरेसं कारण आहे.

बिघाड चार-पाच ठिकाणी होतो. तबकडीचा एखादा भाग वाचता येईनासा होतो, त्याला बॅड सेक्टर म्हणतात. हेड खराब होतात. मोटर अडकते. खालचं सर्किट जळतं. आणि कधी डिस्क निरोगी असते, पण फायलींची नोंदवही, म्हणजे फाइल सिस्टीम, विस्कटलेली असते. पहिल्या चारांत डिस्कला जितकं कमी हलवाल, कमी चालवाल तितकं बरं. पाचव्यात सॉफ्टवेअरने काम होतं. लोक नेमकं इथेच चुकतात. बिघाड हेडचा असतो आणि उपाय सॉफ्टवेअरचा सुरू होतो.

सर्किटबद्दल एक जुना समज अजून फिरतोय, की तशाच मॉडेलचं दुसरं सर्किट आणून लावलं की झालं. फार पूर्वीच्या डिस्कमध्ये ते चालायचं. आताच्या डिस्कमध्ये त्या-त्या डिस्कची खास मोजमापं सर्किटवरच्या छोट्या चिपमध्ये साठवलेली असतात. ती चिप काढून नव्या सर्किटवर बसवल्याशिवाय डिस्क नीट चालू होत नाही.

## आवाजावरून अंदाज

कुणी फोन करून सांगितलं की डिस्क गेली, तर माझा पहिला प्रश्न असतो, “आवाज कसा येतोय?”

ठरावीक अंतराने टक-टक येत असेल तर हेडला तबकडीवरच्या खुणा सापडत नाहीयेत आणि ते पुन्हापुन्हा टोकापर्यंत जाऊन परत येतंय. लगेच बंद करा. शटडाउन व्हायला वेळ लागत असेल तर पॉवरचं बटण दाबून धरा, पण बंद करा. प्रत्येक फेरीत खराब हेड तबकडी खरवडत असण्याची शक्यता असते, आणि खरवडलेल्या जागेवरचा डेटा जगातली कुठलीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही.

बारीक गुणगुण येते, पण तबकडी फिरल्याचं जाणवत नाही, तर मोटर अडकलीय किंवा हेड तबकडीला चिकटलंय. बंद करा. टपली मारून किंवा झटका देऊन सोडवायचा प्रयत्न करू नका. फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी सापडतो. गार डिस्क आपल्या दमट हवेत बाहेर काढली की तिच्यात पाणी सुटतं. त्याच्या वाटेला जाऊ नका.

डिस्क अगदी गप्प असेल तर आधी साध्या गोष्टी बघा. दुसरी केबल, दुसरा यूएसबी पोर्ट, जमलं तर दुसरा संगणक. पोर्टेबल डिस्कची चपटी केबल वर्षभरात सैल होते आणि डिस्क बिचारी धडधाकट असते. केबल बदलूनही काही झालं नाही, तर सर्किट किंवा मोटरचा संशय घ्यायचा आणि थांबायचं.

आवाज नेहमीसारखा आहे, पण फोल्डर उघडायला मिनिटं लागतात, कॉपी मध्येच अडकते, विंडोज गोठतं, तर बहुधा बॅड सेक्टर वाढतायत. स्वतः काहीतरी करता येण्यासारखी परिस्थिती बहुतेक वेळा हीच असते. पुढचा भाग मुख्यतः तिच्यासाठी आहे.

## डिस्क स्वतः काय सांगते

जवळजवळ प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर ती नोंद दाखवतं, लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीवर, जीस्मार्टकंट्रोल. क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं की वर डावीकडे मोठ्या चौकोनात ‘गुड’, ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ असं लिहिलेलं दिसतं. तेवढ्यावर थांबू नका. खालच्या यादीत या ओळी शोधा.

०५ – बदललेले सेक्टर. खराब जागा सोडून डिस्कने राखीव जागा किती वेळा वापरली, ते.

सी५ – रांगेत असलेले सेक्टर. वाचता आले नाहीत, पण अजून निकाल लागलेला नाही.

सी६ – तपासणीत दुरुस्त न झालेले सेक्टर.

सी७ – डिस्क आणि संगणक यांच्यातल्या वाहतुकीतल्या चुका. इथला आकडा वाढत असेल तर संशय बहुतेक वेळा केबलवर घ्यायचा, डिस्कवर नाही.

आकडे ‘रॉ व्हॅल्यूज’च्या रकान्यात असतात आणि मुळात ते हेक्स, म्हणजे सोळा अंकांच्या पद्धतीत (० ते ९ आणि ए ते एफ) लिहिलेले असतात, त्यामुळे गोंधळ होतो. ‘फंक्शन’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड फीचर’, तिथे ‘रॉ व्हॅल्यूज’ आणि दशमान पद्धतीचा (१० डीईसी) पर्याय निवडला की नेहमीचे आकडे दिसतात. ०५ वर दोन-चारचा आकडा कित्येक महिने तसाच राहिलेला असेल तर लगेच घाबरायचं कारण नाही. फोटो काढून ठेवा आणि आठवड्याने परत बघा. आकडा चढत असेल किंवा सी५ शून्यावर नसेल, तर त्या डिस्कवर नवं काही ठेवणं थांबवा आणि आजच डेटा हलवा.

उलट बाजूही सांगायला हवी. सगळं शून्य आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली स्वतःच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी तापमान सोडलं तर स्मार्टमधली एकही खूण दाखवलेली नव्हती. म्हणून स्मार्ट रोज बघा, पण बॅकअपच्या जागी त्याला बसवू नका.

## पहिला तास

डिस्क अडखळतेय, पण दिसतेय. आता काय?

सगळ्यात आधी त्या डिस्कवर काहीही लिहिणं थांबवा. रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर डाउनलोड करून इन्स्टॉल करणं म्हणजे जे शोधायचंय त्याच्यावरच लिहिणं. विंडोज सुरू होताना आपोआप चेकडिस्क चालायला लागलं, तर कळ दाबून ते टाळा. चेकडिस्कचं काम फाइल सिस्टीम सुसंगत करणं आहे, तुमच्या फायली वाचवणं हे त्याचं उद्दिष्ट नाही. ज्या नोंदी त्याला जुळत नाहीत त्या ते कापून टाकतं, आणि आजारी डिस्कवर तासन्‌तास हेड फिरवत राहतं. ‘ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल’ असा प्रश्न आला तर ‘कॅन्सल’.

डिस्क विंडोजची असेल तर तिच्यावरून विंडोज चालू ठेवू नका. ते पाठीमागे सतत काहीतरी लिहीत असतं. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडा. शक्य असेल तर साटा केबलने, म्हणजे संगणकाच्या आत डिस्कला असते त्या केबलने, थेट बोर्डाला जोडा, कारण आजारी डिस्कने उत्तर द्यायला उशीर केला की स्वस्तातले यूएसबी कन्व्हर्टर गोठतात.

आता एक निर्णय. तुम्हाला खरंच हवं असलेलं काही जीबीच्या आत आहे आणि फोल्डर उघडतायत, तर आधी तेवढंच उचला. टॅलीचं डेटा फोल्डर, कागदपत्रं, आउटलुकची फाइल, या क्रमाने, एकेक करून. एखाद्या फाइलवर अडकलं तर ‘स्किप’ करून पुढे जा. अख्खी डिस्क निवडून ‘कॉपी’ मारू नका. एका खराब फाइलपाशी सगळं थांबतं आणि सकाळपर्यंत डिस्क तिथेच झटत राहते.

हवं असलेलं जास्त असेल, किंवा उचलताना वारंवार अडकत असेल, तर फाइल-फाइल कॉपी सोडा आणि अख्ख्या डिस्कची नक्कल करा. यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हे मोफत साधन मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. ते लिनक्सवर चालतं, आणि सिस्टमरेस्क्यू नावाच्या पेन ड्राइव्हवरून सुरू होणाऱ्या लिनक्समध्ये आधीपासून असतं. काळी खिडकी आणि टाइप करायच्या आज्ञा बघून दबकू नका. काम असं चालतं:

१. आजारी डिस्कएवढी किंवा तिच्यापेक्षा मोठी चांगली डिस्क घ्या. तिच्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे हे लक्षात ठेवा.

२. दोन्ही जोडून सिस्टमरेस्क्यूवरून संगणक सुरू करा. कुठली डिस्क कुठली, हे आकार आणि सीरियल नंबर दोन्हींवरून ओळखा. डिस्कवरच्या लेबलवरचा नंबर कागदावर लिहून घ्या आणि पडद्यावरच्या नंबराशी बोट ठेवून ताडून बघा. उगम (आजारी डिस्क) आणि मुक्काम (चांगली डिस्क) यांची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क तुमच्या डेटावर लिहिली जाईल. या सगळ्या कामात परत न फिरवता येणारी चूक हीच.

३. पहिली फेरी अशी लावा की डीडीरेस्क्यू सोपा भाग आधी उचलेल आणि खराब पट्टे सोडून पुढे जाईल. सोबत नोंद फाइल ठेवायला सांगा आणि ती तिसऱ्या ठिकाणी, एखाद्या पेन ड्राइव्हवर, साठवा. कुठला भाग वाचला, कुठला राहिला हे त्या फायलीत असतं. वीज गेली किंवा डिस्क गरम झाली म्हणून थांबवलं, तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं.

४. पहिली फेरी संपली की मागे राहिलेल्या पट्ट्यांवर दुसरी, आणि हवंच असेल तर दोन-तीन पुनर्प्रयत्न.

पडद्यावर एका ओळीत वाचलेला भाग वाढताना दिसतो आणि दुसरीत वाचण्यातल्या चुका. निरोगी १ टीबी डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने तीन तासांच्या आत होते. आजारी डिस्कला दिवसही लागतो, दोन दिवसही. मध्येच वेग पडतो, परत चढतो. त्याला हात लावू नका. डिस्कवर पंख्याचा वारा येऊ द्या. मध्येच टक-टक सुरू झाली तर मात्र थांबवा, कारण आता ते घरचं काम राहिलेलं नाही.

नक्कल झाली की मूळ डिस्क काढून बाजूला ठेवा. पुढचं सगळं नकलेवर. फाइल सिस्टीम विस्कटली असेल तर टेस्टडिस्क, आणि फोल्डर-नावं गेली तरी फोटो-व्हिडिओ-कागदपत्रं हवी असतील तर फोटोरेक. दोन्ही मोफत आहेत. फोटोरेक फायलींची मूळ नावं परत देत नाही, हजारो फायली नंबरांच्या नावाने समोर येतात. त्या लावत बसायला वेळ लागतो, पण हाती काहीच नसण्यापेक्षा ते शतपटीने बरं.

एक अडसर आधीच सांगतो. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद (एन्क्रिप्ट) होते. त्याची ४८ अंकी किल्ली त्या खात्यात साठवलेली असते. डिस्क काढून दुसरीकडे जोडली की तीच किल्ली मागितली जाते. लॅपटॉप घेताना दुकानदाराने कुठल्या तरी ईमेलवर खातं काढून दिलं आणि त्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही, अशा डिस्क पूर्ण वाचल्या जाऊनही हाती काही लागत नाही. आजच ती किल्ली शोधून कागदावर लिहा आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

## एसएसडीचं गणित वेगळं

एसएसडी म्हणजे तबकड्यांऐवजी चिपमध्ये डेटा ठेवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काही नाही, म्हणून आवाजही नाही आणि बऱ्याचदा इशाराही नाही. काल चालू होती, आज संगणकाला दिसतच नाही, असं होतं. कधी ती फक्त वाचता येण्याच्या अवस्थेत जाते. तसं झालं तर तिचे उपकार माना आणि लगेच सगळं उतरवून घ्या.

चुकून पुसलेली फाइल हार्ड डिस्कवर बऱ्याचदा परत मिळते. एसएसडीवर आशा फारच कमी, कारण विंडोज ट्रिम नावाच्या आज्ञेने ती जागा रिकामी झाल्याचं एसएसडीला कळवतं आणि एसएसडी ती आतून साफ करून टाकते. पुसल्याचं लक्षात आलं तर त्याच क्षणी संगणक बंद करा. एसएसडी कपाटात वर्षानुवर्षं ठेवायचं साधनही नव्हे. त्यातला डेटा विजेच्या भाराच्या रूपात असतो, आणि खूप वापरलेली एसएसडी वीज न मिळता पडून राहिली तर तो भार हळूहळू ओसरतो. जुने फोटो जपायला साधी हार्ड डिस्क बरी.

## दुकानात की प्रयोगशाळेत

हेड किंवा मोटर गेली असेल तर धूळमुक्त कक्ष असलेल्या ठिकाणीच द्या. हेड बदलायला त्याच मॉडेलची, जुळणाऱ्या फर्मवेअरची (डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरची) दुसरी डिस्क मोडावी लागते, म्हणून खर्च मोठा असतो. देण्याआधी विचारा: डिस्क तुम्ही स्वतः उघडता की पुढे पाठवता? आधी नक्कल करता का? अंदाज लेखी देता का? डेटा मिळाला नाही तर किती घेता? पैसे देण्याआधी मिळालेल्या फायलींची यादी दाखवता का? या प्रश्नांना सरळ उत्तरं न देणाऱ्याकडे डिस्क ठेवू नका. आणि आधी कुणी काय-काय करून बघितलंय ते त्यांना खरं सांगा. त्यावर त्यांची पुढची पावलं ठरतात.

पुराच्या पाण्यात गेलेली डिस्क चालू करून बघू नका, उन्हात किंवा तांदळात वाळवू नका. पाणी सुकलं की त्यातला गाळ आणि क्षार तबकडीवर बसतात. ओली असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोचवा.

## बॅकअप: आधी ‘डी ड्राइव्ह’चा भ्रम

आता ज्यांची डिस्क अजून चालू आहे त्यांच्यासाठी. छोट्या ऑफिसांत “बॅकअप आहे का?” असं विचारलं की हमखास उत्तर येतं, “आहे ना साहेब, डी ड्राइव्हला रोज घेतो.” बहुतेक संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. मोटर बंद पडली की दोन्ही एकदम जातात. विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडून बघा. सी आणि डी एकाच ‘डिस्क ०’च्या ओळीत दिसले तर तुमच्याकडे आजपर्यंत बॅकअप नव्हता.

असाच भ्रम क्लाउडबद्दल आहे. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचं फोल्डर संगणकाशी जुळलेलं असेल तर इथे पुसलेलं तिथेही पुसलं जातं, आणि तिथल्या कचरापेटीत ते महिनाभर मिळतं. मार्चमध्ये चुकून पुसलेलं जुलैत लक्षात आलं तर काय? रेड लावलेल्या एनएएसचंही तेच. एनएएस म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कवरची डिस्कची पेटी, आणि रेड म्हणजे तिच्यातली एक डिस्क गेली तरी डेटा राहावा म्हणून तो अनेक डिस्कवर ठेवायची सोय. एक डिस्क गेली तर काम चालू राहतं, पण चुकून पुसणं, व्हायरस, चोरी आणि आग यांच्यापुढे रेड काही करू शकत नाही.

पीटर क्रॉग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम आजही सगळ्यात सोपा आहे. डेटाच्या एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. दुसऱ्या जागेवर मी फार जोर देतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातली बॅकअपची डिस्क एकाच पाण्यात होती, असं किती दुकानांत झालं असेल याची कल्पना करा. कोल्हापूर-सांगलीने ऑगस्ट २०१९ मध्ये तेच पाहिलं.

## प्रत्यक्ष मांडणी

घरासाठी किंवा चार-पाच माणसांच्या ऑफिससाठी मी अशी मांडणी करून देतो.

आधी यादी. काय गेलं तर रडू येईल, ते कागदावर लिहा आणि प्रत्येकासमोर ते कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते लिहा. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स विसरू नका, लोकांचं निम्मं काम तिथेच पडलेलं असतं. आउटलुकची फाइल, ब्राउझरचे बुकमार्क, डिजिटल सहीच्या टोकनचे पासवर्ड, फोनमधले फोटो हेही यादीत घ्या. मराठी डीटीपी करणाऱ्यांनी श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट कामाच्या फायलींसोबतच साठवावेत. फॉन्ट नसेल तर दहा वर्षांपूर्वीचं पेजमेकरमधलं पुस्तक अगम्य चिन्हांच्या रूपात उघडतं. सोबत प्रत्येक कामाची एक पीडीएफही ठेवा.

दुसरी पायरी, दोन पोर्टेबल डिस्क. त्यांच्यावर ठळक मार्करने ‘अ’ आणि ‘ब’ लिहा. ‘अ’ ऑफिसात, ‘ब’ मालकाच्या घरी. दर शनिवारी अदलाबदल. बॅकअप झाला की डिस्क काढून कपाटात. ही सवय अंगी लागायला वेळ लागतो, पण तिच्यावरच सगळं टिकून आहे, कारण खंडणीखोर व्हायरस (रॅन्समवेअर) संगणकाला त्या क्षणी जोडलेलं सगळं कुलूपबंद करतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या अशाच व्हायरसने जगभर हेच केलं. कपाटातल्या डिस्कपर्यंत त्याचा हात पोचत नाही.

तिसरी, कॉपी आपोआप होऊ द्या. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलमधलं फाइल हिस्टरी दर तासाला बदललेल्या फायलींच्या जुन्या आवृत्त्यांसकट प्रती ठेवतं. पण ते लायब्ररी, डेस्कटॉप अशा ठरावीक जागाच बघतं. डी ड्राइव्हवरचं तुमचं फोल्डर त्यात हवं असेल तर त्यावर राइट क्लिक करून ते लायब्ररीत घालावं लागतं. मॅकवर टाइम मशीन आहे, ते शेवटच्या दिवसाच्या तासातासाच्या, महिन्याच्या दिवसादिवसाच्या आणि त्याआधीच्या आठवड्याआठवड्याच्या प्रती ठेवतं. फ्रीफाइलसिंकसारखं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ‘मिरर’ हा पर्याय समजून घ्या. त्यात मूळ जागी पुसलेली फाइल बॅकअपमधूनही पुसली जाते. ‘अपडेट’ निवडा आणि जुन्या आवृत्त्या ठेवायची सोय चालू करा.

टॅलीप्राइममध्ये अल्ट आणि वाय दाबून ‘बॅकअप’ घ्या, आणि मुक्काम म्हणून पोर्टेबल डिस्क निवडा. फायलीच्या फोल्डरला तारखेचं नाव द्या, नाहीतर आजचा बॅकअप कालच्यावर बसतो. आज डेटा बिघडलेला असेल तर कालचा चांगला बॅकअपही त्यात जातो. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळाव्या लागतात, त्यामुळे दर आर्थिक वर्षाची अखेरची प्रत वेगळी काढून कायमची ठेवा. ३१ मार्च हा जगभर बॅकअप दिन म्हणूनही पाळला जातो. आपल्याकडे त्या दिवशी हिशेब मिटतातच, त्याच संध्याकाळी ही प्रत काढा.

चौथी, क्लाउडमधली प्रत. सगळं वर चढवायचा अट्टहास करू नका. ५०० जीबी डेटा २० एमबीपीएस अपलोडने चढवायला पंचावन्न तास लागतात. कागदपत्रं आणि हिशेब क्लाउडवर, व्हिडिओ डिस्कवर, अशी विभागणी बहुतेकांना पुरते. गुप्त कागदपत्रं असतील तर कुलूपबंद करून चढवा.

पेन ड्राइव्ह बॅकअपसाठी वापरू नका. फार स्वस्तात मिळणारे ‘२ टीबी’चे पेन ड्राइव्ह बऱ्याचदा बनावट असतात. आत थोडीच जागा असते आणि ती भरली की पुढचं लिहिलेलं हवेत जातं, तरी यादीत फायली दिसत राहतात. शंका असेल तर एच२टेस्टडब्ल्यू या तपासणीच्या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा.

## परत मिळतं का ते बघा

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने चुकून चालू डेटाबेसचं फोल्डर पुसलं. त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या व्यवस्था होत्या. ऐन वेळी बघितलं तर त्यांतल्या काही कधी लावल्याच गेल्या नव्हत्या आणि बाकीच्या नीट चालत नव्हत्या. योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर ते सावरले, तरी मधल्या सहा तासांचा डेटा गेलाच. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या तज्ज्ञांचं हे, तर आपलं काय?

दर तीन महिन्यांनी बॅकअपची डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडा. पाच फायली उघडून बघा: सगळ्यात जुनी, कालची, सगळ्यात मोठी, मराठी नाव असलेली आणि एक कुठलीही. फाइल दिसते, एवढ्यावर समाधान मानू नका, ती उघडायला हवी आणि आतलं बरोबर असायला हवं. टॅलीचा बॅकअप वेगळ्या रिकाम्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून शेवटचं व्हाउचर तपासा. चालू कंपनीवर कधीही रिस्टोअर करू नका. हे सगळं अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ज्या ऑफिसांत ते होतं तिथे डिस्क गेल्याचा फोन शांत आवाजात येतो, हे मी पाहिलंय.

## वीज आणि हवा

बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी स्वतःच्या लाखो डिस्कचे आकडे दरवर्षी जाहीर करते. अलीकडच्या वर्षांत त्यांतल्या दीड टक्क्याच्या आसपास डिस्क वर्षभरात बंद पडल्या. पण त्यांच्या डिस्क गार खोलीत, अखंड विजेवर चालतात. आपल्याकडे वीज जाते-येते, दाब खाली-वर होतो. अचानक वीज गेली तर हेड बाजूला घ्यायची सोय डिस्कमध्येच असते, पण अर्धवट लिहिलेली फाइल अर्धवटच राहते. डेस्कटॉपला यूपीएस लावाच, आणि बॅकअप घेताना पोर्टेबल डिस्क त्याच यूपीएसवरच्या संगणकाला जोडा. इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर आहे का बघा, नाहीतर बदलाच्या क्षणी संगणक बंद होतो. अर्थिंग तपासून घ्या. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की प्लगसोबत इंटरनेटची तारही काढा, ब्रॉडबँडच्या तारेतून आलेला झटका बोर्ड आणि डिस्क दोन्ही जाळतो.

कोकणात आणि गोव्यात दमट हवेचा त्रास आहेच. कपाटातली डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि दर काही महिन्यांनी चालवून बघा. फिरती डिस्क जोडलेली असताना हलवू नका. ‘सेफली रिमूव्ह’ करून तबकडी थांबेपर्यंत थांबा, मगच उचला.

## गेलेल्या डिस्कचं काय करायचं

वॉरंटीत नवी डिस्क मिळते, डेटा मिळत नाही, आणि जुनी डिस्क परत द्यावी लागते. म्हणजे तिच्यावरचे आधार, पॅन, बँकेचे कागद तिच्यासोबत जातात. डिस्क चालत असेल तर आधी पूर्ण पुसा. नुसतं क्विक फॉरमॅट केलं तर नोंदवही कोरी होते, फायली तशाच राहतात, आणि फोटोरेक त्या काढू शकतं. विंडोजमध्ये फॉरमॅट करताना ‘क्विक’ची खूण काढली की अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहिली जातात. एसएसडीसाठी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं सिक्युअर इरेज वापरा. डिस्क चालतच नसेल आणि तिच्यावर गिऱ्हाइकांची माहिती असेल, तर वॉरंटीवर पाणी सोडा. ड्रिलने तबकड्यांना आरपार दोन-तीन भोकं पाडा. डोळ्यांवर चष्मा घालायला विसरू नका, लॅपटॉपच्या डिस्कमधल्या काही तबकड्या काचेच्या असतात आणि त्यांचे तुकडे उडतात. मग ती भंगारवाल्याऐवजी ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या.